पात्रतेचा रकाना

वहिनींनी बादली, ब्रश आणि ॲसिडची बाटली माझ्या टेबलावर ठेवली. खाली नाही. टेबलावर, कीबोर्डशेजारी. म्हणाल्या, "सफाईवाला आलेला न्हाय. तू बघ. तुला जमतंय की."

उद्यमनगरातलं हे वर्कशॉप. पंपाचे सुटे भाग बनतात. वहिनी म्हणजे मालकांची बायको, ऑफिस त्याच बघतात. मी ऑफिस असिस्टंट. बी.कॉम. झालेली. लागून आठवडाही झाला नव्हता. शेडमध्ये आठ बाप्ये होते, त्यातला एक रिकामाच, चहा पीत उभा होता. त्याला सांगितलं नाही. का नाही, ते मला लगेच कळलं. मुलाखतीत मालकांनी माझं डिग्रीचं सर्टिफिकेट हातातसुद्धा घेतलं नव्हतं. एवढंच विचारलं होतं, "शिरोळकडची व्हय? गावात घर कुठं?" मी म्हणाले, बुद्धविहाराजवळ. ते "बरं" म्हणाले होते.

मी संडास धुतला. खोटं कशाला सांगू. वडील अंथरुणाला खिळलेले, घरात कमावणारी मी एकटी. त्यानंतर दर शनिवारी धुतला, तीन वर्षं. सफाईवाला परत आलाच नाही. त्याला बोलावणंच बंद केलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. खंडेनवमीला मशीनची पूजा असायची, तेव्हा मात्र वहिनी म्हणायच्या, "तू जरा मागं थांब." मी थांबायचे. त्याची आज लाज वाटते.

यंदा आमचा माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीनं तपासणीला माणूस पाठवायचं ठरवलं. त्यांची अट होती, प्रत्येकाचं काम कागदावर हवं. पद, कामं, लागणारी पात्रता, कुणाला जबाबदार, खाली सही. मालकांनी ते माझ्यावर सोपवलं. "सोप्पं लिव्ह, पण खरं लिव्ह. साहेब माणसास्नी विचारत्यात आन् कागदाशी ताडून बघत्यात."

मी वही घेऊन शेडभर फिरले. काम मला आवडलं. लेथवाल्याला मी 'लेथ चालवणे' एवढ्यावर सोडलं नाही. माप कशानं तपासतोस? माल बिघडला तर कुणाला सांगतोस? मशीन थांबवायचा अधिकार तुला आहे का? माणसं विचारात पडायची. आपण एवढं सगळं करतो, हे त्यांनाच नवीन होतं.

मिलिंग मशीनवर मामा असतात, वयानं सगळ्यांत मोठे. आपलं सांगून झाल्यावर ते सहज म्हणाले, "तुझ्या कागदात संडास लिव्हलास न्हवं?"

सगळे हसले. मामांच्या मनात वाईट काही नव्हतं. तेच जास्त लागलं. त्यांच्या लेखी ते माझंच काम होतं, कायमचं.

टेबलाशी येऊन बसले ती रागानं. माझा कागद टाइप केला. पद, कार्यालयीन सहायक. कामं, पत्रव्यवहार, मालाचं चलन तयार करणे, फोन घेणे, दर शनिवारी संडास धुणे. मग पात्रतेचा रकाना आला. लेथवाल्याच्या कागदावर तिथं मी आयटीआय लिहिलं होतं. माझ्या कागदावर लिहिलं: पहिल्या तीन कामांसाठी बी.कॉम. चौथ्यासाठी जात.

मालकांनी वाचलं. आवाज चढवला नाही. उठून केबिनचं दार लावून घेतलं.

"ही ओळ काढ."

"काम काढा. ओळ निघंल."

ते परत खुर्चीत बसले. मग हळू म्हणाले, "तुझ्या आधी हितं एक पोरगी हुती, अशीच अडून बसली. आता तिला उद्यमनगरात कोण दारात उभं करत न्हाय. ठावं हाय न्हवं?"

बाहेर एकेक मशीन बंद होत गेलं. काचेपलीकडून वहिनी बघत होत्या. मालकांनी स्वतः, एका बोटानं, नवा कागद टाइप केला. त्यात तीनच कामं. माझ्यापुढं सरकवला, वर पेन ठेवलं. मी पेन उचललं नाही.

याला तीन दिवस झाले. शेडमध्ये माझ्याशी कुणी बोलत नाही. मामासुद्धा मान खाली घालून जातात. काल आणि परवा बसस्टॉपपर्यंत माझ्यामागून एक मोटारसायकल आली. चालवणारा बोलला नाही, पुढंही गेला नाही. मला भीती वाटते. रात्री आईला सांगितलं नाही, इथं सांगते.

सोमवारी तपासणीचे साहेब येणार आहेत. मी कामावर असणार. त्यांनी विचारलं तर चारही कामं सांगणार, मालकांच्या देखत. कालच्या शनिवारी मी संडासाला हात लावला नाही, यापुढंही लावणार नाही. राजीनामा देणार नाही. मला काढायचंच असेल तर मालकांनी का काढलं ते कागदावर लिहावं आणि खाली सही करावी. तोंडी सांगितलं तर मी खुर्चीवरून उठणार नाही.