आर्नोच्या हातची चिठ्ठी

दगड ओळखून भाव सांगणं हा माझा धंदा, आणि दगड कुठल्या खाणीतला ते सांगणाऱ्या खोट्या चिठ्ठ्यांनी माझं डोकं फिरतं. इथे जर्मनीत, श्नेबर्गच्या जुन्या खाणकामगारांच्या घरात एक दगड धड पत्त्याचा मिळेल तर शपथ! महायुद्धानंतर रशियनांच्या काळात युरेनियमच्या खाणीतून दगड घरी नेणं म्हणजे चोरी. मग गडी तो पावाच्या डब्यातून आणायचे आणि चिठ्ठीवर कुठल्यातरी बंद पडलेल्या चांदीच्या खाणीचं नाव ठोकून द्यायचे. आमच्या खाणवाल्यांत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

गावातल्या इर्मामावशीला ठाऊक नव्हतं. ती सुतारांच्या घरातली. लग्नाला सात महिने झाले आणि तिचा आर्नो खाणीत गेला, प्रेतसुद्धा वर आलं नाही. कुठल्या खाणीत, ते सरकारी कागदात नव्हतं. युरेनियमचं काम गुप्त, त्याने आणि बरोबरच्यांनी घरीही तोंड न उघडण्याची शपथ घेतलेली. तिच्याकडे उरला त्याने आदल्या दिवशी आणलेला दगड, चिठ्ठीवर त्याच्या अक्षरात हिर्शग्रुंड खाणीचं नाव. खाणकामगारांची रखवाली करणाऱ्या संत बार्बराच्या दिवशी बायका आपल्या माणसाच्या खाणीच्या तोंडाशी दिवा ठेवतात. मावशी बावन्न वर्षं हिर्शग्रुंडला दिवा ठेवत आली.

परवा, वृद्धाश्रमात जायच्या आधी, तो दगड विकायला ती माझ्याकडे आली. भिंगाखाली पाहिलं आणि मी खुर्चीत सरसावून बसलो. गुलाबी कोबाल्टवर वाळल्या गवताच्या रंगाच्या बारीक पात्या. वॉलपर्गाइट! युरेनियम आणि बिस्मथ एकत्र, माझ्या हातून आयुष्यात दोनदाच गेलेला. अशा गुलाबीवर तो आमच्या डोंगरात एकाच ठिकाणी निघाला, अडतीस नंबरच्या खाणीत. माझे वडील तिथेच कामाला होते.

चारशे युरो येतील म्हटलं, चिठ्ठीवरचा पत्ता खरा असता तर चार हजार. बोललो आणि जीभ चावली.

"खरा असता म्हणजे?"

मग सगळं सांगावं लागलं. ती बराच वेळ चिठ्ठीवरून बोट फिरवत राहिली.

"माझ्याशीपण खोटं बोलला?"

"तुझ्यासाठीच, मावशी. झडतीत खरं नाव सापडलं असतं तर तुलाही धरलं असतं."

"कुठे आहे ही अडतीस?"

"केव्हाच बुजवली. चर्चखालचा बसथांबा आहे ना, तिथे."

तिने डोळे मिटून घेतले.

"हिर्शग्रुंडची बस तिथूनच सुटते रे," ती म्हणाली. "दर वर्षी दिवा हातात घेऊन त्याच्या डोक्यावर उभी राहायचे, आणि बस आली की निघून जायचे."