घड्याळजींची बिनब्रेकची सायकल

घड्याळजींच्या सायकलला फ्रीव्हील नव्हतं. म्हणजे चाक फिरलं की पायडल फिरणार आणि पायडलबरोबर पाय. थांबायचं तर पायडलवर उलटा जोर द्यायचा. ब्रेक औषधालाही नव्हता. सपाट गावात हा शौक शोभला असता. यांच्या गावात दूध आणायलासुद्धा एक चढ आणि दोन उतार लागत. चढावर त्यांचा जीव मेटाकुटीला येई, उतारावर पाय शिलाई मशीनसारखे चालत. ते येताना दिसले की माणसं आपापली पोरं आवरून धरत.

कुणी हसलं की ते म्हणत, "बावीस वर्षांत एकदाही पडलो नाही." हे खरं होतं, आणि तेच बायकोला खुपत होतं. तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "ज्या दिवशी पडाल, त्या दिवशी सायकल भंगारात." तेव्हापासून बिचारी वाट बघत होती.

शेवटी त्यांचे गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा तिने लेकीशी संधान बांधलं. लेक गिअरची, दोन ब्रेकची नवीकोरी सायकल घेऊन आली.

"बाबा, दुकानापर्यंत जाऊन तर या. जमली की जुनी काढून टाकू."

घड्याळजींनी जुन्या सायकलच्या सीटवरून एकदा हात फिरवला. पण लेकीपुढे त्यांचं कधी चाललं होतं?

चढ त्यांनी गुणगुणत पार केला आणि त्याचा त्यांना रागच आला. मग उतार लागला. सायकलने वेग धरला, तसे त्यांनी सवयीने पाय उलटे दाबले. पायडल नुसतंच मागे फिरलं. आणखी दाबलं, आणखी फिरलं. बोटांशी दोन-दोन ब्रेक होते, पण ते आठवेपर्यंत घड्याळजी गादीवाल्याने दारात रचलेल्या गाद्यांमध्ये शिरले होते.

घरी आले ते लंगडत, पण मान ताठ.

"पडलो," ते बायकोला म्हणाले. "आता शब्द पाळ. पाडणारी दारात उभी आहे, बोलाव भंगारवाल्याला."

बायको नव्या सायकलभोवती एक फेरी मारून आली. "भंगारात कशाला? मी चालवीन. लग्नाआधी चालवतच होते की."

दुसऱ्या दिवशी दोघं दुकानात निघाली. उतारावर ती पाय स्थिर ठेवून सुळकन पुढे गेली. मागून घड्याळजी पाय गरागरा फिरवत ओरडले, "अगं, थांब जरा."

"सावकाश या," ती मागे न बघता म्हणाली. "जुनीवरून पडलात तर भंगार, हा शब्द अजून कायम आहे."

बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना या वाटेवर सोबत मिळाली होती. फक्त ती एक वळण पुढे होती.