आधी केबल

बाबांना एक गोष्ट मला कधीच पटवता आली नाही: आधी ड्रायव्हर, मग केबल. त्यांचा प्रिंटर जुना. सीडी घालायची, ड्रायव्हर चढू द्यायचा आणि पडद्यावर सूचना आली की मगच केबल लावायची. ड्रायव्हर म्हणजे प्रिंटरचं बोलणं संगणकाला समजावणारा दुभाषा. तो हजर नसताना केबल खोचली की संगणक प्रिंटरला अनोळखी ठरवून मोकळा. पिवळं उद्गारचिन्ह दिसायचं आणि काही केल्या कागद हलायचा नाही.

बाबा दर वेळी आधी केबलच खोचायचे. विंडोज नव्यानं टाकली, खोच केबल. प्रिंटर दुसऱ्या टेबलावर नेला, खोच केबल. एकदा मी फोनवर चिडले, तर शांतपणे म्हणाले, "घरी आलेल्या पाहुण्याले दारातच उभं ठेवू काय? आधी आत घ्याव, मंग वळख होते."



आई गेल्यापासून ते अकोल्यात एकटेच असतात. पौर्णिमेला विहारात वाटायची वंदनेची पानं मोठ्या अक्षरात छापतात, म्हाताऱ्या माणसांना दिसावीत म्हणून. स्वतः त्यांच्यातलेच झालेत, हे त्यांच्या गावीही नसतं. पौर्णिमा जवळ आली की प्रिंटर रुसल्याचा फोन ठरलेला, आणि मी अमरावतीहून कुरकुरत एसटी पकडायची. चपला काढायच्या आत हुकूम सुटायचा, "पाह्य बरं याले काय झालं." पाणीसुद्धा माझं मीच माठातून घ्यायचे. मग मी ती अनोळखी नोंद पुसून संगणक बंद-चालू करायचे आणि बाबा केबलचं टोक हातात धरून शेजारी बसायचे. लावू काय, म्हणून सारखं विचारायचे. त्या वाट पाहण्यात आईच्या गोष्टी निघायच्या. फोनवर त्या कधीच निघत नाहीत.

गेल्या वर्षी संगणक फारच थकला, नवी विंडोज त्याला पेलेना. मी त्याऐवजी लिनक्स ही हलकी प्रणाली टाकली. सीडी शोधत होते, तोवर बाबांनी सवयीनं केबल खोचलीच. लिनक्समध्ये या प्रिंटरचा दुभाषा आधीपासूनच बसलेला होता. पान सरसर बाहेर आलं. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मलाही हसू आलं.

त्यानंतर प्रिंटरसाठी फोन आला नाही. मीच विचारते, तर मस्त चालून राहिला म्हणतात. खरं सांगते, तो एकदा तरी बिघडावा असं मला फार वाटतं. ते पिवळं चिन्ह दिसावं, आणि माझ्यावाचून अडावं.

या पौर्णिमेला न बोलावताच गेले. छापलेल्या पानांचा गठ्ठा टेबलावर तयार होता. बाबा दार उघडून बघतच राहिले.

"कावून आली? काई काम होतं काय?"

सहज आले म्हटलं. त्यांनी मला खुर्ची दिली. मग आत गेले आणि ताटलीत ठेवून माझ्यासाठी पाण्याचा पेला घेऊन आले.