मंगलची लाथ आणि न्हाणीचा कूड

आयुष्यात मी एकदाच जीव खाऊन लाथ मारली, आणि ती फक्त मलाच लागली.

गोष्ट ऐंशी सालानंतरची. आगाशीत एका शाळेच्या पडवीत फ्रान्सिस सरांनी कराटेचा क्लास काढला. माझी धाकटी बहीण मंगल हट्टाला पेटली. अप्पा म्हणाले, "मुलींना लाथा कशाला शिकायच्या? जायचंच असेल तर दादाला घेऊन जा!"

दादा म्हणजे मी. (माझं मत कुणी विचारलं नाही.)

सर अंगाने पाप्याचं पितर. पण त्यांनी पाय उचलला की आम्ही श्वास घ्यायचं विसरायचो! गुडघा छातीशी, क्षणभर शांतता, आणि फट्! पाय कधी गेला, कधी परत आला, कळायचंच नाही. दिसायचं ते फक्त झोके घेणारं वाळूचं पोतं.

"गुडघा आधी, पाय नंतर. बोटं मागे, चवडा पुढे," सर सांगत. मंगल ऐकायची. मी देवळात उभं राहावं तसा नुसता बघत राहायचो.

महिन्याभराने अप्पांनी वाडीतच आमची परीक्षा लावली. "ही केळ. घड उतरवलाय, नाहीतरी तोडायचीच आहे. दाखवा काय शिकलात!"

मी आरोळी ठोकली. शेजारच्या वाडीतली कुत्री भुंकायला लागली! पण उत्साहात पाय आधी गेला, गुडघा नंतर, आणि बोटं सगळ्यांच्या पुढे. अंगठा केळीवर आपटला, दुसरा पाय चिखलात सटकला, आधाराला धरली ती कपडे वाळत घातलेली दोरी. तीही आली! मी पाटाच्या पाण्यात, आणि अंगावर आईची लुगडी.

"झालं?" अप्पांनी विचारलं.

"झालं," मी लुगड्याखालून म्हणालो.

मग मंगल पुढे झाली. आरोळी नाही, काही नाही. ओढणी कमरेला बांधली. गुडघा वर. फट्!

केळ थरथरली, वाकली आणि अगदी सावकाश, थाटात, न्हाणीच्या झावळ्यांच्या कुडावर कोसळली. कूड आडवा! आत पंचा नेसलेले, तोंडभर साबण फासलेले काका, हातात तांब्या.

"भूकंप झाला काय रे?" ते डोळे मिटूनच ओरडले.

"नाही हो भावोजी, मंगल झाली," आई म्हणाली.

हसलं कुणीच नाही. सगळे मंगलच्या पायाकडे बघत होतो. एवढासा पाय! अप्पांनी पडलेल्या केळीवरून हात फिरवला. "क्लास चुकवायचा नाही हं," ते हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर विहिरीमागे अप्पा! धोतर खोचून, माडाला धरून, एक पाय हवेत. मी लंगडत जवळ गेलो.

"अप्पा, मी दाखवू?"

त्यांनी माझ्या सुजलेल्या अंगठ्याकडे पाहिलं.

"तू फक्त मंगलला हाक मार!"