ओंजळ धरणार नाही

"हात खाले धर वं, तांब्याले लागी जाई!"

सटाण्याजवळच्या कांद्याच्या खळ्यात, सगळ्या बायकांसमोर, वहिनी माझ्यावर ओरडल्या. वहिनी म्हणजे खळ्याच्या मालकीणबाई. वर तापलेला पत्रा, सकाळपासून कांदा निवडून घशाला कोरड पडलेली. मी ओंजळ जराशी वर उचलली, एवढाच माझा गुन्हा. बाकीच्या बायका माठातलं पाणी स्टीलच्या ग्लासाने प्यायच्या. आम्हा बौद्धवाड्यातल्यांना मात्र वरून धार. पाणी कोपरापर्यंत ओघळलं. शेजारची फिसकन हसली. मी बी.ए. झालेली, आणि तरी प्यायले. लाज वाटत होती, पण तहान लागली होती.

घरी मावशीला सांगितलं. ती त्याच खळ्यात माझ्या कितीतरी आधीपासून. म्हणाली, "अगं, पाणी तर देतात ना?" माझं डोकंच फिरलं. ओंजळ धरून धरून हिची जिंदगी गेली, आणि वर ही उपकार मानते!

दुसऱ्या दिवशी मी माठापाशी जाऊन हात खाली सोडून उभी राहिले.

"ग्लास द्या."

वहिनींनी तांब्या उचलला. मी ओंजळ धरलीच नाही. "मग राहा तशीच," त्या म्हणाल्या. राहिले. परत कांद्यावर जाऊन बसले. मग रोज हेच. जेवणाच्या सुट्टीत ग्लास मागायचा आणि कोरड्या तोंडाने परत यायचं. संध्याकाळी डोळ्यांपुढे अंधारी यायची. बायका म्हणायच्या, "लय शहाणी हाय! घरून बाटली आण की." आणता आली असती. पण बाटली आणली की त्यांचा माठ त्यांचाच राहतो आणि त्यांना कोणी जाब विचारत नाही. तेच तर पाहिजे होतं त्यांना.

घरी हे ऐकून माझा भाऊ पेटला. "माठच फोडतो, मग बघू." मी त्याला धरून खाली बसवलं. म्हटलं, "फोडलास तर गावभर फुटलेल्या माठाचीच चर्चा होईल. मला पाणी कसं देत होते, ते कोणी विचारणार नाही. आणि आत तू जाशील." तो चिडला, रडला. मलाही तो माठ फोडावासा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

मग एका दुपारी मालक, अण्णा, स्वतः आले. हातात कागदी कप. फक्त आमच्यासाठी.

"घ्या. प्यायचं आन् टाकून द्यायचं. आता तर झालं ना समाधान?"

मावशीने कप घेतला. मी विचारलं, "अण्णा, त्यांना ग्लास आणि आम्हाला कप का?"

"लय बोलायला लागली तू. उद्यापासून येऊ नको."

मावशीने कप भरलाच नाही. अण्णांच्या हातात परत दिला. "मंग मीबी नाय येत कपासाठी," ती म्हणाली. "मलाबी ग्लासच पाहिजे." ती आयुष्यात पहिल्यांदाच मालकाला उलट बोलली होती.

आज आम्ही दोघी खळ्याच्या फाटकाबाहेर उभ्या आहोत. फाटकाला आतून कडी. आतल्या एकाही बाईने मान वर करून पाहिलं नाही. जाणारे-येणारे हसतात, कोणी घाण शिवी देतं. देऊ देत. आम्ही दगड उचलणार नाही, आणि पोटासाठी दुसरं खळंही शोधणार नाही. उद्या येऊ, परवा येऊ. ह्याच माठातलं पाणी, त्याच ग्लासाने, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पिणार आहोत. तोवर हे फाटक आम्ही सोडत नाही.