पडद्याआड चार बोटं

ही गोष्ट माझ्या सख्ख्या बहिणीलाही माहीत नाही — आणि तिला तर मी भाजीत मीठ जास्त पडलं तरी फोन करून सांगते. आज तुम्हाला सांगते. बसा जरा.

सासूबाईंचे गुडघे गेले तेव्हाही आम्ही इथेच, कळव्यात, तळमजल्यावर राहायचो. आई — मी त्यांना आईच म्हणायचे — जन्मभर घरी शिवणकाम केलेल्या. त्यांना एकच हवं होतं, संध्याकाळी गेटजवळच्या बाकाशी मैत्रिणींत जाऊन बसायचं. नौपाड्यातल्या एका ज्येष्ठ नागरिक मंडळाला कुणीतरी आपल्या आईच्या आठवणीत चाकाची खुर्ची दिलेली. यादीत आमचं नाव पहिलं लागलं.

आणि मला धास्ती बसली. कसली म्हणाल? त्या खुर्चीला आवाज नसतो हो! वॉकर कसा, टक-टक करत येतो — माणूस कुठवर आलंय ते कळतं. मी बहिणीशी फोनवर बोलते ते आई ऐकतात आणि डोंबिवलीच्या वन्संना पोचवतात, अशी माझी खात्रीच होती. नाहीतर वन्संना आमच्या घरातलं इतकं कळायचं कसं? आता तर त्या चाकांवरून गुपचूप स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसणार —

मंडळाचे सावंतभाऊ माप घ्यायला आले. खुर्ची सव्वीस इंच रुंद. आईंच्या खोलीचं दार... कसं सांगू? टेपचं एक टोक त्यांनी माझ्या हातात दिलं. दाराला पडदा होता. त्या पडद्याआड मी ते टोक चौकटीला लावलंच नाही. चार बोटं अलीकडे धरलं.

"पंचवीस," सावंतभाऊ म्हणाले. "पुन्हा एकदा बघू का, वहिनी?"

तर पलंगावरून आईच म्हणाल्या, "कशाला पुन्हा? बरोबर आहे माप. मला आपला वॉकरच द्या."

तो पडदा आईंनीच शिवलेला. दाराचं माप स्वतः घेऊन. अठ्ठावीस इंच.

खुर्ची टेंभी नाक्याच्या एका आजोबांकडे गेली. आईंची बोटं आखडलेली. वॉकर धरून त्या कशाबशा हॉलपर्यंत यायच्या, तिथूनच मागे. बाकापर्यंत कधीच नाही. आणि मी? दोन वर्षं त्यांच्या तोंडाकडे बघत होते. का गप्प बसल्या? कधी काढणार विषय? वन्सं फोनवर जरा तुटक बोलल्या की मला वाटायचं, सांगितलं वाटतं आईंनी. आई मात्र — "सुलू, चहा ठेवतेस का गं?" एवढंच.

बाकावरच्या बायका खिडकीशी यायच्या. "त्यांना आणा की हो बाहेर! का कोंडून ठेवलंय?" मी म्हणायचे, "दारातून खुर्ची जात नाही ना." मोठ्यानं म्हणायचे — आत ऐकू जाईल असं. हेही सांगायलाच हवं.

आई गेल्या. त्यानंतरही वन्संना आमच्या घरातलं सगळं कळतच राहिलं. सांगणारे आमचे हे होते — सकाळी फिरायला गेले की बहिणीला फोन.

त्या दिवशी सावंतभाऊ टेप गुंडाळून गेले, तेव्हा आई माझ्या हाताकडे बघत होत्या. म्हणाल्या, "पडदा एका बाजूला ओढला गेलाय बघ. सारखा कर."

मी सारखा केला.