बोचकं माझं होतं

झाडू नवा होता. त्यावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. सरांनी तो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "ही तुझी एन्ट्री."

अंधेरीत एका बंद पडलेल्या कारखान्याच्या गाळ्यात आमची रिंग होती. सर म्हणजे शोचे मालक. टीव्हीवर दाखवतात तसली कुस्ती. कपडे चमकणारे, गाणं वाजवत यायचं, कोण जिंकणार ते आधी ठरलेलं. आम्ही मुली ओळीने उभ्या होतो आणि सर एकेकीला तिचं सोंग वाटून देत होते. माझ्यापाशी आल्यावर त्यांनी आधी आडनाव विचारलं. मी सांगितलं. मग विचारलं, राहतेस कुठे. म्हटलं, भांडुप, टेकडीवर. त्यांनी मान डोलावली. हिशेब जुळल्यासारखी. आणि झाडू काढला.

"तू कामवाली. रिंग झाडत यायचं. लोकांना मजा येते. नाव फक्त 'बाई'."

"सर, मी कामवाली नाही. घाटकोपरला स्टेशनबाहेर माझा धंदा आहे. कुर्त्यांचा."

"अगं, कॅरेक्टर आहे ते. पर्सनली नको घेऊस."

माझ्या शेजारी रेश्मा उभी होती. माझ्याच गल्लीतली, मालवणची, माझी जिवाची मैत्रीण. तिला कोळीण केलं. टोपली आणि प्लास्टिकचा पापलेट. ती माझ्या कानात म्हणाली, "मी खंयची कोळीण? माझो आजो गिरणीत होतो." आम्ही दोघी हसलो. हसणं सोपं होतं. तिच्या टोपलीला वास नव्हता. माझ्या झाडूला होता. माझ्या आजीने गावातलं तेच काम टाकून, पोरं कडेवर घेऊन ही टेकडी गाठली होती.

ओळीत शेवटी मिहिका. बोरिवलीची. ज्या मोठ्या हॉलमध्ये आमचे शो व्हायचे तो तिच्या वडिलांचा. तिला मुकुट मिळाला. तिला आडनाव विचारलं नाही. सरांना ते ठाऊकच होतं.

मी झाडू टाकून निघून का आले नाही, असं लोक विचारतात. मी फेरीवाली आहे. गिऱ्हाईक शिवी देऊन गेलं तरी मी त्याला हाक मारून परत बोलावते आणि माल खपवते. मी सरांना बाजूला घेतलं आणि सौदा केला. झाडू घेईन. सांगाल तिच्याकडून हरेन. पण माझा फिनिशर माझा राहील. दुसरी कुणी तो मारणार नाही. आणि तो बसला की खालची उठणार नाही.

सर म्हणाले, "डन." हातावर हात मारला.

फिनिशर म्हणजे शेवटचा डाव. आमच्या धंद्यात प्रत्येकीचा एक असतो. बाकी सगळं कुणीही कुणालाही मारतं, पण फिनिशरला दुसरीने हात लावायचा नाही. तो बसला की कुस्ती संपली. लोक तुमचं नाव विसरतात, तोंड विसरतात, पण तो डाव विसरत नाहीत. रेश्माचा होता वरच्या दोरावरून. रिंगकडे पाठ करून उभी राहायची, हात पसरायची आणि न बघता मागे उलटी कोलांटी घ्यायची. मला तो फार आवडायचा. तिचं पोट समोरचीच्या पोटावर आपटायचं, तो आवाज पार मागच्या खुर्चीपर्यंत जायचा. मिहिकाला लाथ दिली होती. लाथ बरी होती. लोक टाळ्याही बऱ्याच वाजवायचे, म्हणजे जेवढ्यास तेवढ्या.

माझा डाव होता बोचकं.

तो मला कुणी शिकवला नाही. रोज सकाळी मी मालाचं बोचकं पाठीवर घेते. चादरीची दोन टोकं खांद्यावरून पुढे ओढायची, कमरेत वाकायचं, एका झटक्यात माल पाठीवर. जागेवर पोचलं की गिरकी घ्यायची आणि पुढे वाकून डोक्यावरून धाडकन टाकायचं. तेच मी रिंगमध्ये केलं. समोरचीला पाठीमागे घ्यायचं, तिचे दोन्ही हात चादरीच्या टोकांसारखे खांद्यावरून ओढायचे, उचलायचं, गिरकी, आणि धाड. पहिल्यांदा केला तेव्हा अख्खी रिंग दणाणली. मग मागून एक पोरगी ओरडली, "बोचकं बांधलं रे हिचं!" नाव तिथेच पडलं.

दर कुस्तीत त्या डावाची वेळ येईपर्यंत मी काय काय ऐकायचे ते सांगते. "ए बाई, इथे पण झाड." "कोपरा राहिला बाई." "आमच्याकडे कधी येतेस?" सगळे हसायचे. मी झाडायचे. खाली बघून झाडायचे आणि मनात म्हणायचे, थांबा. आणि शेवटी तेच लोक उभे राहून "बोचकं, बोचकं" ओरडायचे. मला वाटायचं, सौदा फायद्यात आहे.

आईने एकदा पोस्टर पाहिलं. झाडू घेतलेली मी. मी म्हटलं, "आई, सोंग आहे गं ते. खरं नाही." ती म्हणाली, "खोटंच द्यायचं होतं तर दुसरीच्या हातात का नाही दिलं?" मी चिडले. आवाज चढवला.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगते, ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमची कुस्ती खोटी असते म्हणतात. निकाल खोटा असतो. पाठ खरी असते, रिंगच्या फळ्या खऱ्या असतात. आणि जिला उचलतात ती स्वतःहून उचलली जाते. वरची, म्हणजे उचलणारी, कोपराला हळूच दाबते, तो इशारा. इशारा मिळाला की खालचीने उडी मारायची. बघणाऱ्याला वाटतं, काय ताकद आहे! अर्धी ताकद खालचीची असते. ती दिसू द्यायची नाही, हेच तिचं कसब.

मिहिका महिनोन् महिने माझं बोचकं खात होती. उडी बरोबर मारायची, पडायची पण छान. मला वाटायचं, गुणी पोर आहे. खाली पडता पडता ती तो डाव शिकत होती.

मग एक दिवस नवं पोस्टर आलं. मुकुट घातलेली मिहिका, आणि तिच्या पाठीवर उलटी लटकलेली कुणीतरी. खाली लिहिलेलं, 'क्वीन ड्रॉप'. ती कुणीतरी मीच होते. तोंड दिसत नव्हतं, पण कामवालीच्या सोंगाची ती साडी माझी होती.

शोच्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत सर म्हणाले, "आज फिनिश मिहिकाकडे. तू खाली."

"सर, आपलं ठरलं होतं."

"काय ठरलं होतं?"

"बोचकं माझं."

ते हसले. "डाव कुणाचा असतो का गं? सातबारा आहे तुझ्या नावाचा?"

"मग झाडू माझ्या हातात दिलात तेव्हा का नाही म्हणालात, झाडू कुणाचा असतो का?"

रेश्मा बुटाची नाडी बांधत होती, ती बांधतच राहिली. सरांचा चेहरा बदलला.

"आवाज खाली. हॉल कुणाचा आहे माहितीये ना? तुझ्यासारख्या ढिगाने मिळतात भांडुपला."

मिहिका पुढे आली. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दीदी, मी हळू टाकेन. प्रॉमिस. तुला लागणार नाही."

ती मनापासून म्हणाली. हेच जास्त लागलं. तिच्या लेखी तिने काही घेतलंच नव्हतं.

मी झाडू घेतला आणि गेले. रिंग झाडली. मार खाल्ला, मार दिला. सगळं ठरल्याप्रमाणे. मग तिने माझे दोन्ही हात खांद्यावरून पुढे ओढले. लोक उभे राहिले. तिने माझं कोपर दाबलं.

मी उडी मारली नाही.

आधी ठरवलं नव्हतं. पाय जमिनीला लागलेले होते, ते तसेच राहिले.

"दीदी, जंप," ती पुटपुटली. पुन्हा दाबलं. "जंप ना." ती ओढत होती. तिची मान लाल झाली, पाय घसरायला लागले. मी पूर्ण वजन टाचांवर टाकलं. काही केलं नाही. फक्त उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा, इतक्या लोकांसमोर, काहीही न करता.

मग कुणीतरी ओरडलं, "बाई जाड झाली रे!" आणि हशा पिकला. मला वाटलं होतं लोकांना कळेल. काही कळलं नाही. त्यांना वाटलं, विनोदच आहे.

मिहिकाने हात सोडले. ती माझ्यासमोर उभी होती, धापा टाकत, डोळ्यांत पाणी. मी तिला तेव्हा उचलू शकले असते. पण तीही उडी मारणार नव्हती, आणि उडी न मारलेल्या माणसाला टाकलं तर मान मोडते. ते मला ठाऊक होतं. मी हात खाली ठेवले.

सरांनी घंटा वाजवायला लावली. माईकवर सांगितलं, बाईने नियम मोडला, म्हणून मिहिका विजयी. तिचं गाणं लागलं. मी दोराखालून उतरले. बाहेर पडेपर्यंत अंगावर पाण्याच्या दोन बाटल्या आल्या.

तुम्हाला वाटेल, इथे काहीतरी बदललं असेल. काही बदललं नाही. दुसऱ्या शोवाल्यांना फोन केले. "तूच ना ती, ऐनवेळी अडणारी?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवले. आमच्या धंद्यात उडी न मारणारीला कुणी घेत नाही. आणि पुढच्या शोला झाडू रेश्माच्या हातात होता. ती आदल्या दिवशी माझ्या दारात आली. आत आली नाही. म्हणाली, "मी उडी मारतलंय. माका पण घर आसा गो." मी तिला काय सांगणार? तिची उडी फार सुंदर असते. मिहिकाची ताकद तिने दुप्पट करून दाखवली.

त्या शोचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला. परवा माझ्या धंद्यावर एक बाई लेकीला घेऊन आली. आई कुर्ती बघत होती, मुलगी मोबाईल. मला दाखवून म्हणाली, "आंटी, हे बघा. क्वीन ड्रॉप. माझा फेवरेट फिनिशर."

मी म्हटलं, "त्याचं नाव बोचकं आहे."

"काय?"

"बोचकं. तो माझा डाव आहे."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मग कुर्त्यांच्या ढिगाकडे. आईने तिचा दंड धरला आणि म्हणाली, "चल गं, पुढे बघू." कुर्ती न घेताच गेल्या.

संध्याकाळी सरांचा फोन आला. आवाज गोड. रेश्माची पाठ दुखावली होती. मी परत यावं. झाडू नको असेल तर राहू दे, मावशीचं सोंग कर, काकीचं कर. मिहिकाला नीट उचलायला शिकव. "बोल, काय घेशील?"

जन्मभर या प्रश्नाला मी क्षणात उत्तर देत आले आहे. आधी चढा भाव सांगायचा, मग खाली यायचं. जिभेवर शब्द आलासुद्धा. पण मला कळलं, हा सौदा नव्हताच कधी. सौदा बरोबरीच्यांत होतो. त्यांच्या लेखी मी विकणारी नव्हते, माल होते.

"विकायचं नाही," मी म्हटलं.

"मग बस कुर्त्या विकत."

बसले आहे. मला पुन्हा रिंग मिळणार नाही. तो डाव माझा होता हे कुणी मान्य करणार नाही. पण दर रविवारी त्या गाळ्यात नव्या मुली भरतीला येतात, आमच्याच वस्त्यांतल्या. मी दर रविवारी धंदा बंद ठेवणार आहे आणि त्या दाराबाहेर उभी राहणार आहे. आत जाणाऱ्या प्रत्येकीला थांबवून सांगणार आहे: ते तुला उचलत नाहीत, तू उडी मारतेस. तिला पटेल, न पटेल. सर मला हाकलतील, पोलीस बोलावतील. मी हलणार नाही.